सुजाताचा राहिलेला डोंगर

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. तिचे थोरले दीर बोलत होते. 'मॅडम, सुजाता गेली जी. डोक्यातली नस फुटली.' नागभीडच्या शाळेत आमचे वर्ग शेजारी, आदल्या दुपारीच एका डब्यात जेवलो होतो... मी धावत गेले. अंगणात दोन बाया बोलत होत्या, 'लय जंगलात फिरे. जंगलानंच खाल्लं तिले.' माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, गेल्या चार दिवाळ्यांत तिनं जंगल पाहिलंसुद्धा नव्हतं. ती पडली ती स्वयंपाकघरात, चुलीवरचा भात उतरवताना.

त्याआधी मात्र दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही दोघी पाठीवर मोठ्या बॅगा लादून एटापल्लीपलीकडच्या डोंगरांत निघायचो. तांदूळ, डाळ, एक पातेलं, पांघरूण. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी एखाद्या गावात विचारून गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, अंग टाकायचं. चढावर मी कुरकुरले की ही पुढून ओरडायची, 'बोलून राह्यली म्हणजे दम हाय अजून. चाल!' शाळेत मुख्याध्यापकांपुढे मान वर न करणारी ही बाई तिथं ओढ्यात पाय सोडून मोठमोठ्यानं गायची, तेही बेसूर. इतकी आनंदी ती मला दुसरीकडे कुठंच दिसली नाही.

शेवटच्या खेपेला एक उंच डोंगर चढायचा होता. वर सपाट माळ आहे, तिथून पलीकडे नुसतं जंगलच दिसतं, असं तिला तिकडच्या बायांनी सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या तोंडी तोच डोंगर. पायथ्याच्या गावात सकाळी बॅगा बांधत होतो, तर जीप आली. थोरले दीर उतरले. नवरा आतच बसून राहिला. 'मायची तब्येत लय बिघडली, चाल.' सुजातानं एकदा वर पाहिलं आणि ती जीपमध्ये बसली. घरी पोचलो तर सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, ठणठणीत! दीर शांतपणे म्हणाले, 'घरच्या सुनेनं असं रानोमाळ हिंडनं शोभते का?' सुजातानं पाय धुतले आणि ती चहा ठेवायला गेली.

नंतर दर दिवाळीला काहीतरी निघायचंच... नणंदेचं बाळंतपण, घराची रंगरंगोटी. मी चिडायचे, 'तू काऊन ऐकते त्यांचं?' तर म्हणायची, 'पुढच्या वर्षी पक्कं जाऊ.' मला तिचाही राग आहे. गेलेल्या माणसावर रागावून काय होणार, पण आहे.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या शोकसभेला, गेले तर समोर मेणबत्त्या आणि तिचा हार घातलेला फोटो. ओळखीचा वाटला म्हणून जवळ गेले. मीच काढलेला, त्याच शेवटच्या वाटेवर. फक्त मागचं जंगल जाऊन निळा पडदा आला होता, सलवार-कमीजची साडी झाली होती आणि पाठीवरची बॅग पट्ट्यांसकट गायब. 'भाऊ, बॅग कुठी गेली?' मी दिरांना विचारलं. 'स्टुडिओवाल्याले सांगून काढली. बाईमानसाच्या फोटोत बरं दिसत नाई.' अगदी आपुलकीनं म्हणाले.

स्टुडिओवाल्यानं तिचा उजवा हात मात्र तसाच ठेवला. पट्टा खांद्यात रुतू नये म्हणून ती तो मुठीत धरून पुढे ओढायची. ती मूठ अजून खांद्याशी घट्ट आवळलेली आहे आणि तिच्यात काहीच नाही. आता महिना झाला. भेटायला येणाऱ्या बाया फोटोला हात जोडतात, आणि परवा माझ्यादेखत एक जण म्हणाली, 'किती सालस होती बाई. पहा ना, पदर कशी सावरून उभी हाय.'