हळूभाऊ आणि दोन माणसांची गाडी

कोणत्याही गाडीला पहिला हातोडा लावण्याआधी हळूभाऊ तिच्यात एक झोप काढत. ऐकीव गोष्ट नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गाडीला तर तेव्हा धड बूडही नव्हतं. त्यांनी सांगाड्यावर एक फळी टाकली, फळीवर पोतं अंथरलं, डोक्याखाली टॉवेलची गुंडाळी घेतली आणि भर दुपारी माझ्यादेखत खुशाल घोरू लागले. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून अमरावतीहून अकोल्याला आले होते. तासाभराने ते उठले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "झोपल्याबिगर गाडीचं दुखनं समजत नाई ताई. हिचं तोंड चांगलं हाय. कंबरडं गेलं हाय पार."

त्यांचं खरं नाव वेगळं. जठारपेठेच्या मागच्या गल्लीत एका शेडमध्ये त्यांचं डेंटिंगचं वर्कशॉप होतं. आजूबाजूचे मेकॅनिक त्यांना हळूभाऊ म्हणत, तेही तोंडावर. ठोकर लागलेली गाडी दुसरीकडे दोन दिवसांत नीट होई, यांच्याकडे दोन आठवडे. कुणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं होतं, "लोखंड जमिनीत तयार व्हाले किती वर्सं लागले असतीन? मंग मलेच काहून घाई करता बाप्पा?" यावर गिऱ्हाइकाला रागावून गाडी घेऊन जाताही येत नसे, कारण तोवर तिचं एखादं चाक काढून झालेलं असे.

आमची गाडी म्हणजे माझ्या बाबांची. दोनच माणसांची, छत नसलेली, लांब नाकाची विलायती गाडी. कधी काळी ती बडनेऱ्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या मुलाकडे होती. बाबा तेव्हा रेल्वेत फिटर म्हणून नवे लागलेले. फाटक पडलं की ती गाडी थांबायची आणि बाबा सायकल धरून तिच्या शेजारी उभे राहायचे. मालगाडी जाईपर्यंत तिचं इंजिन ऐकायचं, एवढीच ओळख. पुढे जिनिंग बंद पडलं, गाडी भंगारात निघाली, आणि बाबांनी ती बैलगाडीला बांधून घरी ओढत आणली. परसातल्या चिंचेखाली ती जी बसली ती बसलीच. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. आई तिला 'तुमची दुसरी' म्हणायची. बाबांच्या मनात एकच होतं, ही चालती व्हावी आणि चालत्या गाडीत एकदा बसावं. आमच्या बौद्ध वस्तीत असली स्वप्नं कोणी मोठ्याने सांगत नसे. बाबा दर रविवारी इंजिनात तेल सोडून हाताने ते फिरवायचे आणि काय बोलायचं ते त्याच्याशी बोलायचे. त्यामुळे चाळीस वर्षांत इंजिन एकदाही जाम झालं नाही. पत्रा मात्र बाबांच्या विद्येबाहेरचा. तो गंजत गंजत असा झाला की बोट टेकवलं तर पापडासारखा मोडावा.

बाबांची ऐंशी उलटली तेव्हा मी मनावर घेतलं. तीन वर्कशॉपवाल्यांनी गाडी पाहून मला हात जोडले. चौथे हळूभाऊ. ते बडनेऱ्याला आले, बाबांनी त्यांना इंजिन फिरवून दाखवलं आणि दोघं बराच वेळ त्यावर वाकून राहिले. कारागीर माणसं एकमेकांना जोखतात तेव्हा घरच्यांनी चहा करायला जावं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. चहा घेऊन आले तर हळूभाऊ म्हणत होते, "फिटरसायेब, जीव तुमी सांभाळला. अंग मी पाह्यतो. पन मले विचाराचं नाई, कधी होईन म्हनून."

"नाई विचारत," बाबा म्हणाले. त्यांनी शब्द पाळला. विचारायची ती मीच.

महिन्यातून एकदा तरी मी अकोल्याला जायची. रागावून जायची आणि राग विसरून परत यायची, त्या शेडमध्ये काहीतरी होतं असं. हळूभाऊंनी गाडीचं कवच काढून चार दगडांवर उंच ठेवलं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन आत उतरलं की त्या गंजलेल्या पत्र्याच्या शेकडो भोकांमधून ते खाली सांडायचं आणि सगळी जमीन उजेडाच्या ठिपक्यांनी भरून जायची. त्या वेळी हळूभाऊ काम थांबवत. आम्ही दोघं उलट्या डब्यांवर बसून ते ठिपके हळूहळू भिंतीकडे सरकताना पाहायचो. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी गादी पिंजत असे, कापसाचा एखादा तंतू तरंगत आत यायचा, उजेडात चमकायचा आणि नाहीसा व्हायचा. मला वाटायचं आपण कुठल्या तरी संथ पाण्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वर जग आपलं आपलं चाललं आहे. "एक एक भोक बुजवाचं हाय मले," ते एकदा म्हणाले, "पन हे पाह्यलं की बुजवू वाटत नाई." मीही त्या दिवशी, कधी होईल, हे विचारलं नाही.

कापून काढलेला सडका तुकडा ते कधी फेकत नसत. नवा पत्रा तयार होऊन बसेपर्यंत जुना तुकडा, त्याच्या उरल्यासुरल्या कडांसकट, भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे. "नवा पत्रा काय, बाजारात भेटते. गोलाई कुठं भेटते? ते ह्या मेलेल्या तुकड्यालेच मालूम हाय." मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर माप, वाळूच्या थैलीवर पत्रा, आणि बाभळीच्या लाकडी हातोड्याने टक, टक, टक. दहा ठोके आणि तळहात फिरवून पाहणं. पुन्हा दहा. डोळे मिटलेले. एक मडगार्ड त्यांनी पाच वेळा केलं. मला पाचही सारखी दिसली आणि मी तसं म्हणाले. ते इतके नाराज झाले की त्या दिवशी चहा आलाच नाही.

आणि ते लांबी भरत नसत. लांबी म्हणजे ती पुट्टी. भोकावर, खड्ड्यावर थापायची, वाळली की घासायची, वरून रंग मारायचा. बाहेरून गाडी अगदी नवी. आत गंज आपला निवांत खात बसलेला. सगळं जग लांबी भरतं. हळूभाऊंच्या शेडमध्ये तिचा डबाही नव्हता. "लांबी भरलेला पत्रा वाजत नाई ताई. मुका होते. मुक्याले काय इचारता, अंदरून कसा हायस म्हनून?" हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की मला हसू आवरावं लागे.

अशी तीन वर्षं गेली. गाडीचं बूड झालं, मडगार्डं झाली, नाक झालं. दारं राहिली होती. त्या दिवाळीत बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हृदय फार थकलंय, आता दिवस मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी अकोल्याला गेले.

हळूभाऊंनी उजवं दार संपवलं होतं. डाव्या दाराचा खालचा वीतभर भाग नुसती जाळी होता. "किती दिवस?" मी विचारलं.

"दोन महिने तं लागतीन."

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "लांबी भरा आणि रंग द्या. आठ दिवसांत गाडी बडनेऱ्याला पाहिजे."

ते खाली मान घालून म्हणाले, "ताई, मी नाई भरत. तुमाले मालूम हाय."

तेव्हा मी जे बोलले ते आज लिहितानाही मला बोचतं. मी म्हणाले, "ठीक आहे. मग करा दोन महिने, आणि तुमचा तो वाजणारा पत्रा माझ्या बाबांच्या फोटोला ऐकवा." हळूभाऊंनी हातोडा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तशीच तरातरा स्टेशनवर आले.

आठव्या दिवशी टेम्पोतून गाडी आली. गडद हिरवी, आरशासारखी. हळूभाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून आले होते. डाव्या दाराबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. बाबा, हळूभाऊ आणि मी अशा तिघांनी मिळून इंजिन तिच्यात दिवाळीआधीच बसवलं होतं, ते पहिल्याच फेऱ्याला लागलं. बाबांनी पांढरा सदरा घातला, स्वेटर घातला, कानाला मफलर बांधला आणि माझ्या डाव्या बाजूला बसले. मूर्तिजापूरच्या रस्त्याने मी त्यांना नेलं. सकाळची थंडी होती, दोन्ही बाजूंना तुरी फुललेल्या, काळ्या जमिनीवरून धुकं उठत होतं आणि आमची गाडी त्यातून जात होती की रस्ताच आमच्या खालून वाहत होता, मला कळेना. बाबांचा हात दारावरून बाहेर सोडलेला होता. काही वेळाने तो हात दाराच्या खालच्या अंगाला गेला आणि त्यांनी बोटाच्या पेराने पत्रा वाजवला. एकदा. पुन्हा एकदा. चाळीस वर्षं रेल्वेत लोखंड वाजवून पाहणारा माणूस तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे बघू लागले.

घरी आलो तर हळूभाऊ फाटकाशी उभे होते, मार खायला आल्यासारखे. बाबांनी उतरून त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "मिस्त्री, लय मजा आली," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "माह्या घाईपायी तुमाले लांबी भरा लागली. मले माफ करजा."

बाबांना घाई नव्हती, घाई माझी होती, हे मला त्या वेळी बोलता आलं नाही.

तीन आठवड्यांनी बाबा झोपेतच गेले. हळूभाऊ त्या दिवशी आले, मागे उभे राहिले आणि निघून गेले. मग पाच-सहा दिवसांनी सकाळीच दारात हजर, हातात पान्यांची पिशवी, खांद्यावर गोधडी. मला वाटलं भेटायला आले. ते सरळ गाडीकडे गेले आणि डावं दार खोलू लागले.

"हे काय करताय?"

"नेतो ताई. नीट करून आनतो."

"आता कशाला? कोण बघतंय?"

त्यांनी दार गोधडीत गुंडाळलं, काखेत मारलं आणि पॅसेंजरने अकोल्याला गेले. डब्यात टीसीने विचारलं म्हणे, हे काय आहे. हळूभाऊ म्हणाले, दार. टीसी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि पुढे गेला.

दोन महिने म्हणाले होते, चार लागले. चैत्रात ते दार घेऊन आले, बसवलं, रंग जुळवला. हळूभाऊही आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेले. त्या शेडमध्ये हल्ली मोबाईलची कव्हरं मिळतात. पण त्यांची आठवण आली की मला तो चैत्रातला दिवसच आठवतो. दार बसवून झाल्यावर मी त्यांना पॅसेंजरने जाऊ दिलं नाही. म्हटलं, चला, मी सोडते. आयुष्यभर लोकांच्या गाड्या नीट केलेला हा माणूस शेजारी असा अवघडून बसला होता, परक्याच्या घरी बसावं तसा. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मी धीर केला.

"भाऊ, मी त्या दिवशी फार वाईट बोलले."

"नाई, नाई," ते म्हणाले. "तुमी बोलल्या म्हनून फिटरसायेब बसले. माह्या चालीनं गाडी झाली असती अन् बसनारा मानूस नसता. लांबी भरली त्याचं मले दुःख नाई."

"मग दार का काढून नेलंत?"

ते रस्त्याकडे बघत बसले. गाडी अकोल्यात शिरली, जठारपेठेत गल्लीच्या तोंडाशी मी थांबवली. ते उतरले, दाराच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले.

"तुमच्यात सुतक पाळत नाई, मले मालूम हाय," ते म्हणाले. "अन् माह्यं त्यायच्याशी नातं काय, की मी पाळू? पन मानूस गेला तं काही तरी करा लागते ना ताई. मले हेच येते."

दार हलकेच लावून ते गल्लीत निघून गेले. मागून एक रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मला गाडी पुढे घेता येईना. बाबा गेले त्या दिवसापासून मी शाळा केली, कागदपत्रं केली, आलेल्या-गेलेल्यांचा चहा केला. रडले ते त्या दिवशी, भर जठारपेठेत, स्टिअरिंगवर डोकं टेकवून.