परत पाठवलेली ताई

माझी मोठी बहीण आखातातून परत आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कोणीतरी दिलेला टॉवेल, पायात पुरुषाच्या चपला. माझा नवरा तिला आणायला मुंबईच्या विमानतळावर गेला होता. धामणगावला दोघं रेल्वेतून उतरले, तिथून यवतमाळ, मग घाटंजीची बस. एवढ्या वाटेत ती फक्त पाणी मागायला बोलली, असं त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं.

भाऊजी ट्रकच्या अपघातात गेले तेव्हा तिची मुलगी अंगावर पीत होती. ताईने काही दिवस कापूस वेचला, लोकांकडे स्वयंपाक केला. मग एका एजंटाने परदेशातल्या घरकामाचं सांगितलं. मुलगी माझ्याकडे राहिली. मला मूल झालं नव्हतं, त्यामुळे यात कोणालाच काही अडचण दिसली नाही.

तिथल्या मालकिणीने पासपोर्ट ठेवून घेतला. मारहाण सुरू झाली तेव्हा ताई ते घर सोडून निघाली, आणि त्या दिवसापासून तिथल्या कायद्यानं ती गुन्हेगार झाली. आपल्यासारख्याच दोन-तीन बायकांसोबत खोलीत राहून ती तासावर कामं करायची. रोज फोनवर दिसायची. मुलगी मला आई म्हणायची आणि तिला 'फोनवाली माय'. मग एके दिवशी फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खोलीवर धाड पडली आणि सगळ्यांना उचलून नेलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ती महिनोन् महिने कोठडीत होती. त्यातच आमची आई गेली. ते तिला इथे आल्यावर समजलं.

आल्यानंतर पहिल्या दिवसांत बायका भेटायला यायच्या आणि काय आणलं म्हणून विचारायच्या. काही आणलं नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलायचा. पोलिसांनी धरली म्हणजे काहीतरी केलंच असेल, असं मागे बोललं जायचं. ताई ऐकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दाराची कडी वाजली की मात्र उठून मागच्या अंगणात जायची, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड उभी राहायची. दूधवाला असो, गॅसवाला असो. मी हाताला धरून आत आणायची. आंघोळीला गेली तरी आधार कार्ड ब्लाउजमध्ये असायचं.

"इथी कोण धरते वं तुले?" मी एकदा विचारलं.

"तिथीबी असंच वाटे," ती म्हणाली.

आमच्या भागातल्या आशा सेविकेने ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंना घरी आणलं. आधी यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवून झोपेची आणि भीतीची औषधं सुरू झाली होती, पण ताई बोलत नव्हती. त्या बाई आत आल्याच नाहीत. अंगणात बाजेवर बसल्या, ताईजवळ तुरीच्या शेंगा सोलू लागल्या. तिथलं काही विचारलं नाही. जाताना मला म्हणाल्या की गल्लीला सांगा, कडी वाजवू नका, लांबूनच हाक द्या. मी घरोघर जाऊन सांगितलं. काही हसले, पण बहुतेकांनी ऐकलं. "मीच हाये वं," असं ओरडत शेजारची आजी यायची. हळूहळू ताईचं मागे पळणं कमी झालं.

बाजाराच्या दिवशी त्या बाई रुग्णालयाच्या एका खोलीत अशाच घरांतल्या माणसांना बसवायच्या. आपल्या तालुक्यात अशी घरं असतील हे मला माहीतच नव्हतं. कोणाचा मुलगा परत पाठवला होता आणि तो गोठ्यातून बाहेर येत नव्हता. तांड्यावरच्या एका बाईचा नवरा अजून तिकडेच कोठडीत होता. त्याचा फोन बंद होऊन बरेच दिवस झाले होते. मी ताईला घेऊन जायची. ती दाराजवळची खुर्ची धरायची आणि दार उघडं ठेवायला लावायची.

एकदा ती तांड्यावरची बाई उठून सरळ ताईसमोर येऊन बसली.

"अंदर जेवाले देतेत का?" तिने विचारलं.

  ताईने आपली खुर्ची पुढे ओढली.

"देतेत," ती म्हणाली. "भात राह्यते. थंडा राह्यते, पण पोट भरते."

"अन् झोपाले?"

"लाइट बंद नाई करत. पदर घ्यायचा डोळ्यावर. झोपते माणूस."

"मारतेत?"

ताईने मान हलवली. ती नाही म्हणाली की सांगायला नको म्हणाली, मला कळलं नाही. मग तिने त्या बाईचा हात धरला आणि ती रडायला लागली. आईच्या नावानंही तेव्हाच पहिल्यांदा रडली. आम्ही घरी आलो तेव्हा तिने स्वतः भाकरी थापल्या.

मुलीचं मात्र सोपं नव्हतं. फोनमधली माय खरीखुरी घरात आल्यावर ती माझ्या पदराआड लपायची. ताई कधी जवळ ओढायची नाही. समुपदेशक बाईंनी तसंच सांगितलं होतं. ताई नुसती पोरीच्या वेण्यांच्या रिबिनी धुऊन वाळत घालायची, पोळीला तूप लावून ताट सरकवायची. एक दिवस पोरीने तिला गणित विचारलं. मग दोघी संध्याकाळी ओट्यावर बसू लागल्या. मी आतून ऐकायची. बरं वाटायचं, तरी काहीतरी निमित्त काढून मी पोरीला आत हाक मारायची.

पुढे बाभुळगावला एका वसतिगृहात ताईला स्वयंपाकाचं काम मिळालं. राहायला खोली होती. तिने मला विचारताना नजर वर केली नाही.

"ते तुलेच आई म्हणते. तू नाई म्हटलं तर नाई नेत मी तिले."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपताना मी पोरीची बॅग भरली. त्यांना बसवायला मीही बसमध्ये चढले; पोरगी खिडकीशी बसली आणि तिने मला विचारलं, "आई, तू कधी येशील?" शेजारी ताई होती. आम्ही दोघींनीही एकदमच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या बाजाराला मी त्या खोलीत एकटी गेले. ताई कशी आहे हे सांगितलं आणि उठणार तेवढ्यात समुपदेशक बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही?" एवढ्या वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली आणि मला थांबता येईना.

आता त्या बाईंची बदली झाली आहे. खोलीत औषधांची खोकी ठेवतात. ताई औषध नेमाने घेते, फोनवर हसते, तरी वसतिगृहाच्या फाटकाशी जीप थांबली की अजून ती मागच्या दाराने बाहेर जाते, असं पोरगी सांगते. तांड्यावरच्या बाईच्या नवऱ्याचा पत्ता लागलेला नाही. बाजाराच्या दिवशी ती आणि मी भाजीच्या ओळीमागे, कडुलिंबाखाली बसतो. ती मला पोरीचं विचारते, मी तिला त्याची काही खबर आली का ते विचारते. ती नाही म्हणते. मग तिची तांड्याकडची गाडी येईपर्यंत आम्ही पिशव्या जवळ घेऊन तिथेच बसतो.