मनगटावरची फुली

सिस्टरबाई कोणाच्या बापाला घाबरत नाहीत, असं अख्खी गल्ली छातीठोकपणे सांगे. गल्लीला काय कळतंय! बाई रोज सकाळी घाबरत, आणि घाबरतच लोकांचे जिने चढत.

तरुणपणी त्या युद्धावर नर्स होत्या. शाळेच्या इमारतीत दवाखाना, वर्गावर्गांत जखमी. तिथला एक नियम कडक होता. मॉर्फिन टोचलं की जखमीच्या कपाळावर शाईची फुली काढायची, म्हणजे दुसरी नर्स पुन्हा टोचणार नाही. एका दुपारी बॉम्ब अगदी जवळ पडला, छताचा गिलावा कोसळला आणि त्या धावपळीत एका ट्रक ड्रायव्हरच्या कपाळावर फुली काढायची राहून गेली. दुसरीने त्याला पुन्हा टोचलं. संध्याकाळी तो गेला. जखमाही मोठ्या होत्या, त्यामुळे कोणी चकार शब्द काढला नाही. बाईंनीही नाही.

निवृत्तीनंतर माणसं निवांत पेपर वाचतात. बाईंनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फुकट इंजेक्शनं द्यायचं काम अंगावर घेतलं आणि वीस वर्षांत एक खाडा केला नाही. सुई टोचली की लगेच मनगटावर पेनाने फुली. म्हातारे चिडवत, "काय सिस्टर, आम्हाला धोब्याकडे टाकताय का?" बाई हसत, पण फुली दोनदा गिरवत.

तिसऱ्या मजल्यावर टेलरमास्तर राहत. त्यांना रोज सकाळी इन्सुलिन लागे. परवा बाईंनी सिरिंज भरली, मास्तरांचं मनगट पाहिलं. फुली नव्हती. सुई दंडाला टेकवणार, तोच मास्तर चाचरत म्हणाले, "आज तिसऱ्यांदा, सिस्टर? डॉक्टरांनी वाढवलंय वाटतं."

मास्तर महाभिडस्त. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हाही गप्प बसले होते.

वापरलेल्या सुयांचा डबा बाईंनी टेबलावर उपडा केला. मास्तर त्यांचे पहिलेच पेशंट, डबा सकाळी रिकामा करून आणलेला. त्यातून दोन सुया पडल्या.

"मास्तर, साखर कुठंय? साखर!"

तोवर मास्तरांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. बाईंनी साखरपाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला, शेजारणीला हाक मारून अॅम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मास्तरांचे डोळे तीनदा मिटले. तिन्ही वेळा बाईंनी त्यांच्या गालावर चापट मारली आणि ओरडल्या, "झोपायचं नाही! माझ्याकडे बघा!" आपण त्या ड्रायव्हरवरच ओरडतोय, असं त्यांना वाटत होतं.

मास्तर वाचले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेशी बसून बाईंनी ड्रायव्हरची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. सांगताना त्या ढसाढसा रडल्या.

मास्तरांनी विचारलं, "उद्यापासून टोचायला कोण येणार?"

"माझी भाची. तीही नर्स आहे. मी आता सुई हातात धरणार नाही."

"बरं. आणि तुमच्याकडे कोण येणार, सिस्टर?"

बाई म्हणणार होत्या, मला काय धाड भरलीय. पण त्यांनाही रक्तदाबाची गोळी होती, रोज सकाळी एक. आज ती घेतली की नाही, ते त्यांना काही केल्या आठवेना.