हुलगे मळायला पाच सायकली

गेल्या रविवारी आमच्या पाच सायकली कामाला जुंपल्या गेल्या... तेही आमच्या वाशी तालुक्याच्या डोंगरात, हुलगे मळायला.

तेरखेड्याजवळ हायवे सोडला की डोंगरावर चढणारा एक जुना डांबरी रस्ता आहे. वर पवनचक्क्या, दोन्ही बाजूंना कुसळी गवत आणि वाहतूक म्हणाल तर जवळजवळ नाहीच. खालून नवा रस्ता झाला तशी एसटी, दुधाच्या गाड्या, सगळं तिकडनं जायला लागलं.

असे मोकळे रस्ते शोधायचे, चढ किती, पाणी कुठं मिळतं, कुठल्या वस्तीवरची कुत्री अंगावर येतात हे सगळं तपासून नकाशावर मांडायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद. शिकवायला कुणी नव्हतं. सायकलही मीच खोलतो, मीच जोडतो.

लातूरचे एक डॉक्टर आणि त्यांचे तीन मित्र खास हा रस्ता बघायला आले होते. डॉक्टर दर वळणावर म्हणायचे, "एकही गाडी नाही हो!" मला आपलं स्वतःच्या घराचं कौतुक ऐकल्यासारखं वाटत होतं...

पठारावर एका वळणापुढं रस्ताभर हुलग्याचे वाळलेले वेल पसरलेले दिसले, शेंगांसकट. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली शेंगा फुटतात, दाणे सुटतात... आपल्याकडं ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणाचा माल सायकलनं तुडवायला बरं वाटेना. आम्ही उतरलो आणि कडेकडेनं चालायला लागलो.

"ओ दादा! कडेनं कुठं चाललाव? वरनं जावा की!"

बाभळीखाली एक मावशी दाताळं घेऊन उभ्या होत्या. शेजारी खुर्चीवर त्यांचे मालक, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एक पाय समोरच्या दगडावर लांब केलेला.

"मावशी, चालतंय का वरनं गेलेलं?"

"चालतंय काय, पाहिजेच हाय! सकाळधरनं गाडीची वाट बघायलाव. एक मेली फिरकंना इकडं."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मला काही हसू आलं नाही... कारण मावशींच्या पाठीमागं आभाळ काळं झालेलं मला दिसत होतं.

काकांच्या गुडघ्यामुळं बैल लेकीच्या घरी पाठवलेले. मळणीयंत्रवाला एवढ्याशा मालासाठी डोंगर चढून येत नाही. घर लांब, ताडपत्री एवढीशी... सुटे दाणे पोत्यात भरून तिच्याखाली मावतील, पण वेलांचा ढीग मावायचा नाही. आणि शेंग भिजली की हुलगा काळा पडतो. वर्षभराचं माडगं, उसळ, लेकीचा वाटा, पुढच्या पेऱ्याचं बी, सगळं त्या रस्त्यावर पसरलेलं होतं.

खरं सांगतो, आधी मला माझी चेन आठवली. आदल्याच दिवशी धुऊन, पुसून, एकेका कडीला तेल दिलं होतं. काड्या गिअरमध्ये अडकल्या की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल... पण मावशी आभाळाकडं बघत होत्या आणि मुद्दाम काही मागत नव्हत्या. मग मीच म्हटलं, "डॉक्टर, वळवा सायकल."

टायर टणक असला तर दाण्याची डाळ होते, म्हणून सगळ्यांना हवा कमी करायला लावली. सायकलचं चाक असून असून किती रुंद असणार... त्यामुळं प्रत्येकाला आपापला पट्टा नेमून दिला, आणि दर फेरीला वीतभर सरकायचं. मग जा-ये सुरू. मावशी मागनं दाताळ्यानं वेल पालथे करायच्या.

काकांच्या उत्साहाला तर ऊतच आला. "मायला, पाच बैलं आली, अन् एकाला बी वेसण न्हाय! ओ पांढरं टोपडंवाले, पट्टा सोडू नका!"

पांढरं हेल्मेट डॉक्टरांचं. डांबरावर सुटे हुलगे म्हणजे बेअरिंगचे छर्रेच, पुढच्याच वळणाला डॉक्टर आडवे झाले. मावशी धावत आल्या, "लागलं का ओ?" काका बसल्या जागेवरनं म्हणाले, "आगं, बसकं बैल हाय ते, उठतंय आपोआप." डॉक्टर हसत हसतच उठले, कोपर खरचटलेलं... परत आपल्या पट्ट्यावर.

माझ्या गिअरमध्ये तीनदा काड्या गुंतल्या. मी उतरायचो, ओढून काढायचो, परत चढायचो.

वारं सुटलं तेव्हा शेंगा बहुतेक फुटल्या होत्या. वेल झटकून बाजूला सारले, दाणे-भुसा सगळं एकत्र झाडून पोत्यांत भरलं. वाऱ्यावर उपणून भुसा काढायचं काम नंतर करता येतंय. पोती रचून ताडपत्री बांधली, शेवटच्या गाठीला मोठे थेंब पडायला लागले... सहा जण त्या बाभळीखाली, आणि काकांच्या डोक्यावर रिकामं पोतं.

तेवढ्यात पावसातनं हॉर्न. पवनचक्कीवाल्यांची जीप... दिवसातली पहिली गाडी. ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "मावशी, रस्ता मोकळा हाय ना?"

"आता आलास व्हय रं!" मावशी भर पावसात कमरेवर हात देऊन रस्त्याच्या मधोमध. "जा, जा. सायकलवाल्यांनी केलं आमचं काम!"

जीप गेली. मावशींनी पदरानं डॉक्टरांचं कोपर पुसलं आणि आम्हाला ओंजळ-ओंजळ हुलगे दिले. भुशासकट.

या डोंगरातला एकेक चढ मला पाठ आहे. पण माझ्या तिथनं जाण्यानं त्या रस्त्यावरच्या कुणाचं काही भलं झालं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं... मावशी, हाक मारलीत, उपकार झाले.