कुसुमताईबरोबर वाट चुकताना

तीन आठवड्यांपूर्वी हे भरदुपारी कचेरीतून घरी आले आणि चप्पल न काढताच पायरीवर बसले. इस्पितळातून निरोप आला होता. आमच्यापासून दोन दारं सोडून राहणारी कुसुमताई सकाळी गेली. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि उगाचच विचारलं, जेवणार का? मग मी पदर तोंडाशी धरून तिथंच बसून राहिले.

सहाएक वर्षांपूर्वी राज्यांची फेररचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि तिच्याबरोबर फायलींच्या पेट्या नि आम्हीही आलो. कारकुनांसाठी बांधलेली घरं इतकी सारखी, की पहिल्या आठवड्यात हे दोनदा शेजाऱ्यांच्या घरात शिरले. कळीचुन्याचा वास, समोर उघडं माळरान, ओळखीचं माणूस नाही. बदली रद्द होईल या आशेवर मी ट्रंका रिकाम्या केल्याच नव्हत्या. लागतील तेवढी लुगडी काढायची आणि धुऊन पुन्हा आत ठेवायची. जेवण जात नव्हतं, आणि माहेरी पत्र लिहायला बसलं की कागद भिजायचा.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला कुसुमताई दारात उभी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, तीही नागपूरचीच. नाव-गाव विचारून झालं आणि म्हणाली, "चाल, फिरून येऊ."

"कुठं?"

"कुठंच नाही गं. जाऊन पाहू नं."

तिचे नियम दोनच होते. रस्ता विचारायचा नाही, आणि आल्या वाटेनं परतायचं नाही. तिठा आला की ज्या बाजूनं तळणीचा वास येईल तिकडं वळायचं. वास नसला तर पुढं चाललेल्या बकरीच्या मागं. या बकऱ्यांनी आम्हाला जवाहर चौकाच्या मागच्या चिंचांखाली नेलं, तलावाच्या पायऱ्यांवर नेलं, आणि जुन्या शहरात मण्यांचे बटवे विणणाऱ्या बायकांच्या गल्लीतही नेलं. एकदा एका बोळात आम्ही तीच मशीद तिसऱ्यांदा ओलांडली. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यानं हुक्का बाजूला करून विचारलं, "कां जाना हे, बाई?" कुसुमताई तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाली, "कहीं नहीं भैया, ऐसेच देखते." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. भोपाळात आल्यापासून पहिल्यांदाच.

पहिल्या चैत्रात तर कमालच झाली. हळदीकुंकू करायचं, पण बोलवायचं कुणाला? ताईनं तोडगा काढला, भटकत जायचं आणि दाराशी रांगोळी दिसली की समजायचं आपलं घर. करंडा घेऊन निघालो. एका दारी ठिपक्यांची सुरेख रांगोळी. दार उघडताच तिनं त्या बाईला हळदीकुंकू लावलं, रविवारचं आमंत्रण दिलं, माहेर कुठलं तेही विचारलं. बाई नुसती बघत राहिली. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, मराठीचा गंध नाही, हिंदीचाही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती आत गेली आणि विड्याची पानं, नारळ नि अबोलीचा गजरा घेऊन आली. तिच्याकडेही ही रीत होतीच! रविवारी सगळ्यांच्या आधी तीच हजर झाली. त्या रात्री मी ट्रंका रिकाम्या करून पलंगाखाली सारल्या.

अशी पाच वर्षं गेली. गेल्या वर्षी ताईच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पण थोडं थोडं चालत जा, असंही सांगितलं. यंदा वैशाखात एक दिवस ती तीनला आली. अंगणात माझे पापड वाळत होते. आता मला सगळे रस्ते पाठ होते, शेजारपाजार होता, मी भोपाळची झाले होते... मी म्हटलं, "आज पापड आहेत ताई, उद्या जाऊ." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहुणे आले. मग तिचं दुखणं वाढलं.

तेरावं झाल्यावर तिच्या यजमानांना, रामभाऊंना, भेटायला गेले. तिच्या फिरण्याच्या वेडाबद्दल मी बोलत होते. ते म्हणाले, "वहिनी, तिला एकटीनं बाहेर जायची फार भीती वाटायची. नागपुरातही कधी एकटी गेली नाही. इथं आल्यावर तीन दिवस दार लावून रडत होती. तुम्हीही रडता असं कळलं, तेव्हा म्हणाली, दोघी मिळून निघालो तर कदाचित जमेल."



"वैशाखात एकदा तुम्हाला काम होतं," ते म्हणाले, "त्या दिवशी एकटीच निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली, तिथं बराच वेळ उभी राहिली आणि परत आली."

तो कोपरा आमच्या अंगणातून दिसतो. त्या दिवशी मी अंगणातच पापडांना खालच्या बाजूनंही ऊन लागतंय का पाहत बसले होते. एकदा मान वर केली असती, तर दिसली असती... नुसती हाक मारली असती, तरी पुरलं असतं. हे मी कुणाला सांगू?

परवा तीनला मी चप्पल घालून निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले. पुढचा प्रत्येक रस्ता माझ्या पायाखालचा, आणि पाऊल काही उचलेना.