टेम्पोतली गादी

लेकीनं काल मोबाईल माझ्यापुढं धरला. "अप्पा, ही गाडी बघा. आत पलंग, शेगडी, सगळं हाय. आठ दिवस डोंगरात, तळ्याकाठी राहायचं. तुमी बी चला." चित्रातली ती अरुंद गादी बघून मी उठून बाहेर गेलो.

फार वर्षांमागं हुलसूरच्या आमच्या अंगणात असाच बेत झाला होता. तूर विकून टेम्पो रिकामा उभा होता, आत अजून पोत्यांचा वास होता. माझी बायको कॅलेंडरच्या पाठीवर काश्मीरपर्यंतचा रस्ता काढत बसली होती. वाटेतली तळी तिनं निळ्या पेनानं रंगवली होती. "मागं गादी टाकू, स्टो घेऊ, पाण्याचा कॅन घेऊ."

मला जायचंच नव्हतं. म्हणालो, "रोजची लिंगपूजा कुठं करायची?"

ती हसली. "लिंग गळ्यात हाय की. देव संगंच येतोय. तुमी कामून आडवायलाव?"

मी ओरडलो, "टेम्पोत संसार मांडला म्हणून गाव हसंल!" तिनं कागदाची घडी केली आणि भाकरी थापायला गेली. आपण जिंकलो, असं तेव्हा वाटलं होतं मला. गाढव होतो.

पुढं त्या टेम्पोत गादी एकदाच पडली, तिला बीदरच्या दवाखान्यात नेताना. भाऊ गाडी चालवत होता, मी मागं तिच्याजवळ बसलो होतो. भालकीच्या पुढं तिनं डोळे उघडले.

"बाहेर काय दिसायलंय?"

काहीच दिसत नव्हतं. ताडपत्री मीच बांधली होती, चारी बाजूंनी, घट्ट.