आयर्लंडमध्ये फक्त मराठी

माझा भाऊ डब्लिनला नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात आई, माझी मुलगी आणि मी अशा तिघी कोलकात्याहून त्याच्याकडे गेलो. त्याला रजा मिळेना, म्हणून त्याने आम्हाला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात घरगुती मुक्कामाला पाठवून दिलं. दगडावर दगड रचलेले बुटके बांध, त्यांच्यामागे मेंढ्या आणि खाली समुद्र, इतका निळा की मला उगाच रागच आला. आमच्या बंगालमधल्या दीघाचा समुद्र दुधाच्या चहासारखा दिसतो.

त्या भागात लोक अजून आयरिश बोलतात. उन्हाळ्यात शहरातली मुलं ती भाषा शिकायला तिथल्या घरांत येऊन राहतात. आमच्या घरमालकिणीकडेही शाळकरी मुलींचा घोळका होता. त्यांनी इंग्रजीत बोलायचं नाही, मीठ हवं असलं तरी आयरिशमध्येच मागायचं, असा त्या घरचा नियम. संध्याकाळी घरमालकीण एखादं जुनं गाणं म्हणायची आणि मुली स्वयंपाकघरातच टाचा आपटत नाचायच्या.

मी भारावले. आणि भारावले की मी लगेच कामाला लागते, हा माझा स्वभावच. माझी मुलगी कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये वाढलेली. तिला मराठी समजतं, पण बोलताना गाडी बंगालीवर जाते. आजी-नातीने मराठीत बोलावं आणि ते आईच्या हयातीतच व्हावं, ही गोष्ट मला फार दिवस खात होती. जेवताना मी जाहीर करून टाकलं, इथे आहोत तोवर आपणही फक्त मराठीच बोलायचं.

"अगं, सुट्टीला आलोय ना आपण?" आई म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हणाले.

झालं एवढंच, की मुलगी गप्प झाली. "हो", "नको" आणि "झालं" यावर तिने दिवस ढकलले. आई तिच्याकडे बघत ब्रेडला लोणी लावत बसायची. सवयीने जमेल, असं मी स्वतःला बजावत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी मी आंघोळ करून खाली आले, तर दोघी गायब. शोधत धक्क्यावर गेले. तिथे एका होडीतून बांगडे उतरवत होते. आई एका बांगड्याचा कल्ला उचलून नातीला दाखवत होती, "कानकोटा देख, टकटके लाल!" मुलगी खिदळत होती, आणि दोघींची बंगालीत अखंड बडबड चालली होती.

आई जन्माची शाकाहारी. वडिलांच्या बदलीमुळे कोलकात्याला आली. पुढे नात माशाशिवाय जेवेना, म्हणून उतारवयात बाजारात जाऊन ताजा मासा ओळखायला शिकली. दर रविवारी दोघी पिशवी घेऊन जातात. माशांबद्दल आईला जे काही कळतं, ते सगळं बंगालीतच कळतं.

"आई, काय ठरलं होतं आपलं?" मी तडकले.

आईने मासा होडीवाल्याला परत दिला आणि पदराला हात पुसले. "तुझ्या त्या नियमापायी माझी नात माझ्याशी बोलायची थांबली," ती म्हणाली. "माझे दिवस ते किती राहिलेत? मला मराठी नको. ही हवी."

मला रडू आलं, पण राग काही गेला नाही. त्या घरमालकिणीचं बरोबरच आहे, असं मी आजही म्हणते. तरी त्या क्षणी मी दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि मुलीला बंगालीत विचारलं, हे बांगडे घरी नेले तर आजी त्यांचं काय करेल?

 मला वळसा घालून मुलगी आजीच्या बाजूला गेली, तिलाच विचारलं, आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या.